अंडे कोणाच्या ताटातले?

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. बुधवारी किंवा शुक्रवारी मुलांना एक उकडलेले अंडे किंवा अंड्याचा पुलाव द्यावा, जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे द्यावे, दर अंड्यामागे पाच रुपये खर्चावेत आणि हे सारे तेवीस आठवडे चालावे, असा तो निर्णय होता. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी काढून घेतला. अंडे बंद झाले असे मात्र कोठेही म्हटले नाही. शाळांना हवे असल्यास त्यांनी ते लोकसहभागातून द्यावे, एवढेच सुचवले. या काटकसरीतून वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये वाचणार होते. राज्याच्या अर्थसंकल्पात ५० कोटी रुपये म्हणजे काय, हे अर्थसंकल्प चाळणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही.

या दोन तारखांच्या दरम्यान अंड्यावर पुष्कळ वाद झाला. अंड्याला विरोध करणाऱ्यांनी दोन हत्यारे वापरली. एक धर्माचे, ते उघड होते. दुसरे आरोग्याचे, ते झाकलेले होते. अंड्याने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, अंडे उष्ण पडते, डॉक्टरच आता अंडी कमी खा म्हणतात, मग लहान लेकरांना ती का चारायची, असा तो युक्तिवाद. पहिल्या हत्याराला पुरोगामी कार्यकर्ता सहसा दबत नाही. दुसऱ्यापुढे मात्र तो गप्प बसतो, कारण ते विज्ञानाच्या नावाने चालवलेले असते. म्हणून आधी त्या विज्ञानाचीच झडती घेतलेली बरी.

अंड्यात आहे तरी काय? पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने, पाच ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि सत्तरएक कॅलरी असतात. अ आणि ड जीवनसत्त्वे, बी-१२, आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन हे सारे प्रामुख्याने बलकात असते. क जीवनसत्त्व अजिबात नसते. लोह असते, पण ते शरीराला नीट शोषता येत नाही. तेव्हा रक्तक्षयावर अंडे हा उपाय आहे अशी जी समजूत आहे ती सोडून दिलेली बरी. अंड्याची खरी थोरवी त्याच्या प्रथिनांत आहे. शरीराला स्वतः तयार करता न येणारी नऊच्या नऊ अमिनो आम्ले त्यात योग्य प्रमाणात असतात आणि ती जवळजवळ सगळी पचतात. तांदूळ-गव्हात लायसीन कमी पडते, डाळींत मेथिओनीन कमी पडते. वरण-भात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरे भरून काढते, हे आपल्या आजीच्या स्वयंपाकघराला ठाऊक होतेच. पण त्यासाठी भाताबरोबर वरण पुरेसे घट्ट असावे लागते. पोषण आहाराच्या पातेल्यातले वरण किती घट्ट असते, हे शाळेत डोकावणाऱ्याने स्वतः पाहावे.

प्राथमिक शाळेच्या मुलाला दुपारच्या जेवणातून बारा ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या योजनेचे मोजमाप आहे. त्यातली निम्मी एका अंड्यातून मिळतात. अंड्याऐवजी दिल्या जाणाऱ्या केळ्यात प्रथिने असतात जेमतेम एक ग्रॅमभर. केळे वाईट आहे असे नव्हे. पण अंड्याला पर्याय म्हणून ते पुढे करणे हा हिशेबातला गोलमाल आहे. अंडे न खाणाऱ्या मुलाला दूध, शेंगदाणे, चणे, उसळ असे काही दिले पाहिजे. शाकाहारी मुलावर अन्याय होत आहे अशी ओरड करणाऱ्यांनी त्याच्यासाठी कधी दूध मागितल्याचे ऐकिवात नाही.

आता कोलेस्टेरॉलविषयी. या भीतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि सशांच्या रोहिण्यांत थर जमलेले दाखवून दिले. प्रयोग महत्त्वाचा होता. पण ससा हा गवत खाणारा प्राणी, त्याच्या शरीराला कोलेस्टेरॉलची सवयच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकाराने माणसे मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा तेथील हृदयरोग संघटनेने १९६८ मध्ये आठवड्याला तीनपेक्षा अधिक बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला. तो सल्ला कोणाला होता? सकाळी लोण्यात तळलेली अंडी, डुकराचे खारवलेले मांस, दुपारी गोमांस, संध्याकाळी पुन्हा मांस, मोटारीतून हिंडणे आणि बोटांत सिगारेट, अशा माणसाला. त्याच्या ताटातले काय काय काढावे या विचारात अंडे हाती लागले, कारण त्यातले कोलेस्टेरॉल मोजता येत होते. एका अंड्यात ते सुमारे १८६ मिलिग्रॅम असते.

पुढच्या संशोधनाने हे चित्र बरेच बदलले. रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. खाण्यातून अधिक आले तर बहुतेकांचे यकृत आपले उत्पादन आवरते घेते. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, लोणी, वनस्पती तूप, चरबीचे मांस यांतील संपृक्त आणि कृत्रिम स्निग्धांचा हात मोठा असतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, निरोगी माणसाने दिवसाला एक अंडे खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका वाढत नाही. मधुमेह्यांत मात्र तो वाढलेला आढळला. २०१५ नंतरच्या अमेरिकी सरकारी आहारसल्ल्यातून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा वगळली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील सुमारे पाच लाख प्रौढांच्या पाहणीत रोज एखादे अंडे खाणाऱ्यांत पक्षाघात व हृदयविकार उलट कमी आढळले. ५० देशांतील सुमारे १ लाख ७७ हजार माणसांच्या २०२० च्या अभ्यासातही अंड्याचा दोष सिद्ध झाला नाही.

मग वाद संपला काय? संपलेला नाही, आणि तो संपला असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. २०१९ मध्ये २९,६१५ अमेरिकनांच्या अभ्यासाने पुन्हा म्हटले की, रोजच्या अंड्यांचे प्रमाण वाढेल तसा धोकाही थोडा वाढतो. असे परस्परविरोधी निष्कर्ष येतात, कारण माणूस नुसते अंडे खात नाही. अंड्याबरोबर तो काय खातो, अंडे कशात तळतो, अंडे न खाता काय खाल्ले असते, त्याला श्रम किती पडतात, हे सगळे त्या आकड्यात मिसळलेले असते. अमेरिकेत अंड्याच्या शेजारी डुकराचे मांस असते, चीनमध्ये भात आणि भाजी असते. त्यामुळे एकाच अंड्याची दोन चरित्रे लिहिली जातात.

या सगळ्यातून शहाण्या माणसाला घेण्याजोगे एवढेच की, निरोगी प्रौढाला दिवसाला एक अंडे अपाय करत नाही. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या घराण्यात कोलेस्टेरॉलचा जन्मजात विकार आहे, ज्यांना हृदयविकार जडला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा ही सावधगिरी किरकोळ नव्हे. पण जो गृहस्थ बलक काढून टाकून पांढरे तेवढे खातो आणि त्यावर दोन वडापाव व श्रीखंडाची वाटी रिचवतो, त्याने आपल्या हृदयाचे दुखणे अंड्याच्या माथी मारू नये.

आणि हाच गृहस्थ जेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला अंडे देऊ नका म्हणतो, तेव्हा विज्ञानाचा विषय संपून वर्गाचा विषय सुरू होतो. पन्नाशीतल्या, बैठे काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसासाठी दिलेला सल्ला आठ वर्षांच्या, वाढत्या, अर्धपोटी मुलाला लागू करणे म्हणजे एकाच्या अजीर्णावर दुसऱ्याला उपवास घडवणे होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राबद्दलचे आकडे असे आहेत: पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची खुंटलेली, ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश. कृशतेचे देशाचे प्रमाण त्याच पाहणीत १९.३ टक्के होते. उद्योगात आघाडीवर असल्याचे ढोल वाजवणारे हे राज्य मुलांच्या अंगावरच्या मांसात देशाच्या सरासरीलाही पोचत नाही. अशा राज्यात मुलांच्या कोलेस्टेरॉलची चिंता करणाऱ्यांचा कळवळा फार विचित्र म्हटला पाहिजे.

अंड्याने मुलांचे खरोखर किती भले होते, यावरही डोळसपणे बोलले पाहिजे. एक्वादोर देशाच्या डोंगराळ भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे देण्याचा प्रयोग झाला. २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, अंडे खाणाऱ्या बाळांत उंची खुंटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. जगभर या आकड्याची वाहवा झाली. त्याच धर्तीवर आफ्रिकेतल्या मलावीत प्रयोग झाला, तेव्हा मात्र उंचीत तसा फरक पडलेला दिसला नाही. तेथील बाळांच्या आहारात मासळी आधीपासूनच होती आणि उंची खुंटलेल्यांचे प्रमाणही मुळात कमी होते. पुढे एक्वादोरमधील त्याच मुलांना दोन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा पहिला लाभ टिकून राहिलेला नव्हता. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याच्या ताटात काहीच नाही त्याला अंड्याचा उपयोग सर्वांत अधिक होतो, आणि तो अंडे मिळत राहील तोवरच होतो. तेवीस आठवडे अंडे देऊन मग थांबणे हा शास्त्राच्या दृष्टीनेही अर्धवटपणा आहे. शेजारच्या कर्नाटकात अंडी मिळणाऱ्या यादगीरमधील मुलांची तुलना अंडी न मिळणाऱ्या गदगमधील मुलांशी केली गेली, तेव्हा यादगीरच्या मुलांचे वजन अधिक वाढलेले आढळले. अर्थात अंडे ही जादूची कांडी नव्हे. गढूळ पाणी, वारंवारची हगवण, आईचे अठराव्या वर्षी झालेले बाळंतपण, हे सगळे तसेच ठेवून वर अंडे दिले तर ते अंडे बिचारे काय करील?

धोक्यांची चर्चा करायचीच असेल तर ती खऱ्या धोक्यांची व्हावी. काही मुलांना अंड्याची ॲलर्जी असते; बहुतेकांची ती वाढत्या वयात जाते, पण शिक्षकांना अशा मुलांची नावे माहीत असली पाहिजेत. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि त्याने जुलाब-तापाची साथ पसरू शकते. म्हणून तडकलेले अंडे वापरू नये, पाण्यात तरंगणारे अंडे शिळे समजून बाजूला काढावे, आणि बलक घट्ट होईपर्यंत अंडे उकडावे. तालमीतले काही पोरगे कच्ची अंडी गिळतात, त्यांचे तर दुहेरी नुकसान होते: जंतूंचा धोका राहतो, आणि कच्च्या पांढऱ्यातले ॲविडिन हे द्रव्य बायोटिन जीवनसत्त्व बांधून ठेवते. शिजवल्यावर ते निकामी होते.

याहून मोठा धोका कोंबड्यांच्या पिंजऱ्यातून येतो. दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्यांना रोग होऊ नये व त्या झटपट वाढाव्यात म्हणून खाद्यातून प्रतिजैविके चारली जातात. माणसावरचे सर्व उपाय थकल्यावर वापरायचे कोलिस्टिन हे औषधही कोंबड्यांना दिले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी कागदावरची की खुराड्यातली, हे तपासणारी यंत्रणा मात्र भक्कम झाली पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले आणि आदिवासी मुलखातला एक उभा धंदा काही दिवसांत आडवा झाला. नीट शिजवलेल्या अंड्यातून तो रोग होत नाही हे लोकांना पटवेपर्यंत फार उशीर झाला होता.

अंड्याचा धंदा करणाऱ्यांची बाजू घेण्याचे कार्यकर्त्याला काहीच कारण नाही. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. दलालांच्या तावडीतून भाव सोडवणे हा तिचा मूळ हेतू होता आणि तो रास्त होता. पुढे तिच्या जाहिरातींनी अंडे घराघरांत पोचवले. पण जाहिरात अंडे विकत घेऊ शकणाऱ्यापुरतीच बोलते. २०२३-२४ मध्ये देशात माणशी वर्षाला १०३ अंड्यांचे उत्पादन झाले. ही सरासरी आहे. तिच्यात पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांतली ऑम्लेटे आहेत आणि मेळघाटातल्या पोराचे रिकामे ताटही आहे.

आता धर्माचा मुद्दा थोडक्यात. सरकारच्याच २०१४ च्या नमुना पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४० टक्के प्रौढ शाकाहारी आहेत, म्हणजे सुमारे ६० टक्के नाहीत. जे अंडे खात नाहीत त्यांच्या मुलाला कोणी सक्तीने अंडे भरवत नव्हते. केळ्याची सोय पहिल्याच निर्णयात होती. तरीही २०२४ च्या आरंभी अशी पुस्ती जोडली गेली की, ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा विरोध असेल तेथे अंडे देऊ नये. चाळिसांच्या नकाराने साठांच्या मुलांचा घास काढून घ्यावा, हा लोकशाहीचा कोणता हिशेब? आपल्या ताटात अंडे नको असणे हा हक्क आहे; शेजारच्या ताटात ते नको असणे ही दांडगाई आहे. आणि ती बहुधा अशांची असते, ज्यांची स्वतःची मुले त्या पंगतीला बसतच नाहीत.

या संदर्भात १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालातील कैदेत गांधीजींनी आरोग्यावर लिहिलेली पुस्तिका उघडून पाहावी. जो दूध घेऊ शकतो त्याला निर्जीव, म्हणजे ज्यातून पिलू निघू शकत नाही अशा, अंड्याला हरकत असण्याचे कारण नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला आहे. गांधीजी स्वतः कट्टर शाकाहारी होते. आज बाजारात येणारी कुक्कुटपालन केंद्रांतली अंडी अशीच असतात. त्या कळपांत कोंबडा नसतोच.

तामिळनाडूने हा घोळ कधी घातला नाही. तेथे १९८९ मध्ये करुणानिधी यांच्या सरकारने शाळेच्या जेवणात पंधरवड्याला एक अंडे सुरू केले. पुढे सरकारे आलटून पालटून येत राहिली, एकमेकांच्या योजनांची नावे पुसत राहिली, पण अंडी वाढतच गेली. २०१० पर्यंत ती आठवड्याला पाच झाली. कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत अंडी सुरू होताच मठाधिपतींनी विरोध केला. तेव्हा कोप्पळ जिल्ह्यातील गंगावतीच्या एका शाळकरी मुलीने, अंडी बंद केलीत तर आम्ही तुमच्या मठात येऊन खाऊ, असे स्वामींना भरसभेत ठणकावले. पुढच्या वर्षी योजना साऱ्या राज्यात गेली. महाराष्ट्रातही आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली २०१६ पासून बालकांना अंडी दिली गेली. तेव्हा ही गोष्ट या मातीला नवी किंवा परकी होती, असे म्हणता येणार नाही.

राहिला लोकसहभाग. हा शब्द ऐकायला गोड आहे. शासनाने त्याचा अर्थ काय केला ते पाहा. ज्या गावात द्राक्षबागाईतदार आहेत, साखर कारखाना आहे, तेथे कोणी दाता उभा राहील, वाढदिवसाला अंडी वाटील आणि त्याचे छायाचित्रही येईल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर, धडगावच्या डोंगरात, जेथे दिवाळी सरताच अर्धे गाव वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जाते, तेथे लोकसहभाग कोणाकडून मागायचा? म्हणजे जेथे गरज अधिक तेथे अंडे नाही, अशी पक्की व्यवस्था या एका शब्दाने झाली.

शाळेने नेहमीच्या खर्चातून अंडे द्यावे म्हटले तर तेही शक्य नाही. २०२३ मध्ये, हा निर्णय झाला त्या वेळी, प्राथमिक शाळेच्या मुलामागे धान्याखेरीज डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन या सगळ्यांसाठी मिळून दिवसाला ५ रुपये ४५ पैसे मिळत. मे २०२५ पासून ते ६ रुपये ७८ पैसे झाले. हिवाळ्यात एका अंड्याचाच भाव तेवढा होतो. शिवाय अंडी उकडायला इंधन लागते, शेदीडशे अंडी सोलायला हात लागतात. हे हात ज्यांचे, त्या स्वयंपाकी व मदतनीस बायांचे मानधन २०२३ मध्ये वाढवून महिना अडीच हजार रुपये केले, तेव्हा तेही उपकारासारखे जाहीर झाले होते.

अंड्याच्या बाजूने एक व्यवहारी गोष्ट नेहमी विसरली जाते. दुधात पाणी घालता येते, डाळीत लाख मिसळता येते, तेलात दुसरे तेल ओतता येते, तांदूळ मापात मारता येतो. अंड्यात काही मिसळता येत नाही. ते मुलाला मोजता येते, आईला विचारता येते, आणि एक कमी आले तर सगळ्या वर्गाला कळते. ठेकेदारांना अंडे न आवडण्याचे हेही कारण असावे.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. लोकसहभागाचा अर्थ लावण्याचा पहिला हक्क या समितीचा आहे. जेथे कार्यकर्त्यांचा वावर आहे अशा प्रत्येक गावी या समितीच्या बैठकीत विषय निघावा: किती मुले अंडे खातात, किती खात नाहीत, न खाणाऱ्यांना दूध की उसळ, अंडी जवळच्या बचत गटाकडून घेता येतील काय, उन्हाळ्यात ती किती दिवस टिकतात, इंधनाचे पैसे कोण देणार. याचा आकड्यांसह ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावा, आणि निधीची मागणी दात्याकडे न करता शासनाकडेच करावी. तालुक्यातल्या शंभर शाळांचे असे ठराव एकाच आठवड्यात जिल्हा परिषदेत दाखल झाले, तर ते बासनात बांधून ठेवणे तेथील कारकुनालाही जड जाईल.